टॉर्सेट्रॅपिब आणि लिपिटर : उत्पन्नाच्या लक्ष्याने आखलेल्या एका जोडऔषधाचे प्रकरण

२ डिसेंबर २००६ रोजी, शनिवारी, फायझर या अमेरिकी औषध कंपनीने टॉर्सेट्रॅपिब या, चांगले कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या नव्या औषधाच्या सर्व चाचण्या थांबवल्या. त्या दिवसापर्यंत या औषधावर सुमारे ८० कोटी डॉलर खर्च झाले होते, हजारो रुग्ण ते रोज घेत होते, आणि जगातल्या सर्वांत मोठ्या औषध कंपनीचे पुढच्या दशकातील उत्पन्नाचे गणित बव्हंशी त्यावर उभे होते. हे औषध स्वतंत्र गोळी म्हणून आणण्याचा कंपनीचा मूळ बेतच नव्हता. लिपिटर या तिच्याच कोलेस्टेरॉलवरील औषधाबरोबर एकाच गोळीत बांधून ते विकायचे, असे तिने ठरवले होते. विक्रीचे उंच लक्ष्य आणि जोडऔषध घडवण्याच्या अडचणी हे दोन विषय एरवी वेगवेगळ्या विभागांत, वेगवेगळ्या माणसांकडे असतात. या प्रकरणात ते एकमेकांत इतके गुंतले की एकाचा निर्णय दुसऱ्याचा निर्णय ठरला, आणि म्हणूनच ते तपशिलात अभ्यासण्याजोगे आहे.

लिपिटरवर उभी असलेली कंपनी

लिपिटर म्हणजे ॲटोर्वास्टॅटिन. हा रेणू १९८५ मध्ये ब्रूस रॉथ या रसायनशास्त्रज्ञाने मिशिगनमधील ॲन आर्बर येथे, वॉर्नर-लॅम्बर्ट कंपनीच्या पार्क-डेव्हिस या विभागात तयार केला. त्याला डिसेंबर १९९६ मध्ये मंजुरी मिळाली आणि १९९७ मध्ये ते अमेरिकी बाजारात आले. फायझर तेव्हा विक्रीतली भागीदार होती. लिपिटरचा आवाका लक्षात आल्यावर तिने २००० साली सुमारे ९० अब्ज डॉलर मोजून संपूर्ण वॉर्नर-लॅम्बर्टच ताब्यात घेतली. २००५ मध्ये लिपिटरची जगभरातील विक्री १२.२ अब्ज डॉलर होती आणि २००६ मध्ये ती १२.९ अब्जांपर्यंत गेली. त्या वर्षी कंपनीचे एकूण उत्पन्न ४८ अब्ज डॉलरच्या आसपास होते. म्हणजे चारातला एकाहून अधिक डॉलर एकाच गोळीतून येत होता.

एवढ्या मोठ्या कंपनीने वर्षाला दहा टक्के वाढीचे उद्दिष्ट ठेवले, तर तिला दर वर्षी जवळपास पाच अब्ज डॉलरचे नवे उत्पन्न उभे करावे लागते, आणि इतकी विक्री करणारी औषधे संपूर्ण जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात. शिवाय मोठ्या खरेदीने कंपनीचा आकार वाढला, की पुढच्या वर्षीची तीच टक्केवारी गाठण्यासाठी आणखी मोठा आकडा लागतो. संशोधन विभागाकडे तेव्हा बरेच रेणू होते, पण या मापाची भूक भागवू शकेल असा एकच दिसत होता. माझ्या मते या प्रकरणाचे मूळ या बेरजेत आहे. टॉर्सेट्रॅपिबने किती रुग्णांना फायदा होईल, या प्रश्नाइतकाच ते लिपिटरची जागा भरून काढेल का, हा प्रश्न महत्त्वाचा होऊन बसला होता.

घड्याळही वेगाने पुढे सरकत होते. रॅनबॅक्सी या भारतीय कंपनीने लिपिटरच्या पेटंटांना न्यायालयात आव्हान दिले होते. डिसेंबर २००५ मध्ये डेलावेअरच्या न्यायालयात फायझर जिंकली, पण ऑगस्ट २००६ मध्ये अपील न्यायालयाने दुसऱ्या पेटंटमधील एक कळीचा दावा अवैध ठरवला आणि जून २०११ पर्यंत मिळेल असे वाटत असलेले संरक्षण मार्च २०१० मध्येच संपण्याची शक्यता निर्माण झाली. २००६ च्याच जूनमध्ये मर्क या प्रतिस्पर्धी कंपनीच्या सिमव्हास्टॅटिनचे अमेरिकेतील पेटंट संपले. हे औषध लिपिटरच्याच गटातले होते आणि बहुतेक रुग्णांना त्याने काम भागण्यासारखे होते, त्यामुळे विमा कंपन्या रुग्णांना स्वस्त जेनेरिक सिमव्हास्टॅटिनकडे वळवू लागल्या. लिपिटर अजून पेटंटखाली होते, तरी त्याच्या वाढीला ओहोटी लागली. नोव्हेंबर २००६ च्या अखेरीस फायझरने अमेरिकेतील आपल्या विक्री प्रतिनिधींची संख्या २० टक्क्यांनी कमी करण्याची घोषणा केली. ज्या फौजेने लिपिटर घराघरांत पोहोचवले होते, तिला पुढे विकायला काय द्यायचे, याचे उत्तर कंपनीला हवे होते.

चांगल्या कोलेस्टेरॉलची आशा

टॉर्सेट्रॅपिबमागची कल्पना पोकळ नव्हती, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. रक्तातील एचडीएल, म्हणजे ज्याला आपण चांगले कोलेस्टेरॉल म्हणतो ते, ज्यांच्यात जास्त असते त्यांना हृदयविकार कमी होतो, हे फ्रेमिंगहॅमसारख्या दीर्घ अभ्यासांतून १९७० च्या दशकातच दिसले होते. पुढे जपानमध्ये अशी कुटुंबे आढळली, ज्यांच्यात सीईटीपी नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष होता आणि एचडीएलचे प्रमाण कमालीचे जास्त होते. हे प्रथिन एचडीएल कणांतील कोलेस्टेरॉल काढून एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाहणाऱ्या कणांकडे पोहोचवते आणि बदल्यात ट्रायग्लिसराइड ही चरबी घेते. प्रथिनाचे काम औषधाने रोखले, तर एचडीएल वाढेल आणि एलडीएल कमी होईल, हा तर्क सरळ होता. कनेक्टिकटमधील ग्रोटन येथील फायझरच्या प्रयोगशाळेत हे काम १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू होते.

एप्रिल २००४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अवघे १९ जण होते. रोज १२० मिलिग्रॅम टॉर्सेट्रॅपिब घेणाऱ्यांचे एचडीएल ॲटोर्वास्टॅटिनशिवाय ४६ टक्क्यांनी आणि ॲटोर्वास्टॅटिनसह ६१ टक्क्यांनी वाढले. दिवसातून दोनदा घेतल्यावर ही वाढ १०० टक्क्यांच्याही पुढे गेली. तोपर्यंत एचडीएल वाढवणारे सर्वांत जुने औषध नायासिन हे होते, त्याची वाढ याच्या मानाने माफक असे आणि चेहऱ्याची आग झाल्यामुळे रुग्ण ते सोडून देत. त्यामुळे हृदयरोगतज्ज्ञांचा उत्साह समजण्यासारखा होता. तरीही रक्तातील आकडा सुधारणे आणि झटका टळणे यांत अंतर असते. एचडीएल वाढल्याने हृदय वाचते, हे तेव्हा कोणत्याही औषधाने सिद्ध केलेले नव्हते.

बांधणीचा निर्णय

टॉर्सेट्रॅपिब फक्त लिपिटरसोबतच तपासायचे आणि विकायचे, असे फायझरने ठरवले. या निर्णयाला वैद्यकीय बाजूही होती. ज्यांना हृदयविकाराचा धोका आहे, अशा बहुतेक रुग्णांना स्टॅटिन, म्हणजे लिपिटरच्या गटातले कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध, द्यावेच लागते. म्हणून नव्या औषधाची परीक्षा स्टॅटिनच्या जोडीला घेणे योग्यच होते, आणि एका गोळीत दोन औषधे असली की रुग्ण ती नियमित घेण्याची शक्यता वाढते. या युक्तिवादात तथ्य आहे, मी तो नाकारत नाही.

पण स्टॅटिनची जोड आणि लिपिटरचीच जोड, या दोन गोष्टी एक नव्हेत. ज्या रुग्णाला सिमव्हास्टॅटिन किंवा प्राव्हास्टॅटिन लागू पडले आहे, त्याला टॉर्सेट्रॅपिब हवे असेल तर आपले स्वस्त औषध सोडून लिपिटर घ्यावे लागणार होते. ज्याला स्टॅटिनने स्नायूदुखी होते, त्याला तर ते मिळणारच नव्हते. व्यापाराच्या दृष्टीने या रचनेतून दुहेरी लाभ होता. टॉर्सेट्रॅपिबचे पेटंट लिपिटरच्या पेटंटानंतरही दीर्घकाळ चालणार होते, म्हणून जोडगोळीच्या आधारे लिपिटरची विक्री त्याच्या स्वतःच्या पेटंटाच्या मुदतीपलीकडे टिकवता आली असती. शिवाय स्वस्त सिमव्हास्टॅटिनकडे निघालेला रुग्ण परत वळवता आला असता. हार्वर्डमधील जेरी एव्हॉर्न यांनी जून २००५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये या निर्णयावर थेट टीका केली. संशोधनाचा आराखडा विपणनाने ठरवू द्यायचा का, हा त्यांचा प्रश्न होता. चाचण्यांची आखणीच अशी झाली की टॉर्सेट्रॅपिब इतर स्टॅटिनबरोबर कसे वागते याची माहिती उपलब्धच होणार नव्हती, त्यामुळे उद्या एखाद्या डॉक्टरला ते वेगळे देण्याची इच्छा झाली तरी त्याच्या हातात पुरावा नसता. वाढत्या टीकेनंतर २००६ मध्ये फायझरने माघार घेतली आणि औषध स्वतंत्रपणेही उपलब्ध करण्याची तयारी दाखवली. मोठ्या चाचण्यांची रचना मात्र तोपर्यंत ठरून गेली होती.

ही फायझरची पहिली जोडगोळी नव्हती. जानेवारी २००४ मध्ये कॅड्यूएट या औषधाला मंजुरी मिळाली होती. त्यात लिपिटर आणि नॉर्वास्क, म्हणजे रक्तदाबावरील ॲम्लोडिपिन, एकत्र होते. नॉर्वास्कचे पेटंट २००७ मध्ये संपणार होते. दोन रोग, दोन औषधे, त्यांच्या वेगवेगळ्या मात्रा, यामुळे कॅड्यूएट एकूण अकरा वेगवेगळ्या प्रमाणांत विकावे लागले. डॉक्टरला ॲम्लोडिपिन वाढवायचे असेल आणि ॲटोर्वास्टॅटिन तेवढेच ठेवायचे असेल, तर दुसरी गोळी लिहावी लागे. त्यातून अपेक्षित उत्पन्न आले नाही, वर्षाला एक अब्ज डॉलरचा टप्पा त्याने कधी गाठला नाही. जोडगोळीने विक्रीचा किल्ला राखता येतो, हे गृहीतक या अनुभवानंतर तरी कंपनीने तपासायला हवे होते, असे मला वाटते.

एका गोळीत दोन औषधे बसवणे

जोडऔषध म्हणजे दोन मंजूर पावडरी एकत्र मिसळून दाबलेली गोळी, असा समज बाहेरच्या माणसाचा असतो. प्रत्यक्षात अडचणींची सुरुवात नियमापासून होते. अमेरिकी नियमानुसार ठरावीक मात्रेच्या जोडऔषधात प्रत्येक घटकाचा परिणामात वाटा आहे, हे दाखवावे लागते. रक्तदाबावरील दोन औषधे एकत्र करायची असतील, तर साधारणपणे चार गट लागतात : दोन्ही औषधे, पहिले एकटे, दुसरे एकटे आणि निष्क्रिय गोळी. त्यात मात्रांचे पर्याय जोडले की गटांची संख्या झपाट्याने वाढते. परिणाम मोजण्यासाठी हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू मोजायचे असतील, तर प्रत्येक गटात हजारो रुग्ण वर्षानुवर्षे ठेवावे लागतात, आणि ज्यांना धोका आहे अशांना स्टॅटिनशिवाय ठेवणे नैतिकदृष्ट्या शक्य नसते. म्हणून टॉर्सेट्रॅपिबच्या मोठ्या चाचणीत दोनच गट राहिले. सर्वांना आधी ॲटोर्वास्टॅटिन देऊन एलडीएल ठरावीक पातळीखाली आणले गेले. नंतर एका गटाला त्याच्याबरोबर ६० मिलिग्रॅम टॉर्सेट्रॅपिब, दुसऱ्याला फक्त ॲटोर्वास्टॅटिन.

कारखान्यातली अडचण वेगळी होती, आणि औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ती समजून घेण्यासारखी आहे. टॉर्सेट्रॅपिब अतिशय स्निग्धप्रेमी रेणू आहे. तो पाण्यात जवळपास विरघळत नाही, त्यामुळे साध्या गोळीतून तो पुरेसा रक्तात जात नाही. यावर उपाय म्हणून त्याचे स्फटिक मोडून, एका सेल्युलोज-आधारित बहुवारिकात (पॉलिमरमध्ये) त्याला विखरून, फवारा-शुष्कनाने पूड करण्याची पद्धत वापरली गेली. हे बहुवारिक हायप्रोमेलोज ॲसिटेट सक्सिनेट या नावाने ओळखले जाते आणि ते आम्लधर्मी आहे. दुसरीकडे ॲटोर्वास्टॅटिन आम्लात टिकत नाही. लिपिटरच्या गोळीत कॅल्शियम कार्बोनेट घातलेले असते ते याच कारणाने, सभोवतालचे आम्ल शमवण्यासाठी. म्हणजे एका घटकाला विरघळवण्यासाठी जे हवे, तेच दुसऱ्याला बिघडवणारे. या दोघांना एका गोळीत आणायचे तर ते एकमेकांना कमीत कमी भिडतील अशी रचना करावी लागते, वेगवेगळे कण किंवा वेगवेगळे थर करून. फायझरच्या पेटंट दस्तऐवजांत अशा रचनांचे सविस्तर वर्णन आहे. दोन औषधे स्वतंत्र गोळ्यांत दिली असती, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

मात्रेचा प्रश्न तर रोजच्या व्यवहाराचा आहे. ॲटोर्वास्टॅटिन १०, २०, ४० आणि ८० मिलिग्रॅम अशा चार पायऱ्यांत दिले जाते. टॉर्सेट्रॅपिबची ६० मिलिग्रॅम ही एकच मात्रा पुढे नेली गेली. एखाद्या रुग्णाचा रक्तदाब टॉर्सेट्रॅपिबने वाढला, तर त्याचे प्रमाण थोडे कमी करून पाहण्याची सोय जोडगोळीत राहत नाही. गोळी बंद केली तर स्टॅटिनही बंद होते, आणि तेच त्या रुग्णाला खरे वाचवणारे औषध असते.

रक्तदाब वाढतो, हे कंपनीला आणि बाहेरच्या तज्ज्ञांनाही आधीपासून माहीत होते. सुरुवातीच्या चाचण्यांत वरचा रक्तदाब काही मिलिमीटरने वाढलेला दिसला होता. एचडीएल इतके वाढते आहे, तेव्हा एवढी वाढ परवडण्यासारखी आहे, असा हिशेब मांडला गेला. हा हिशेब करणारी माणसे अप्रामाणिक होती, असे मला वाटत नाही. पण ज्या औषधासाठी दुसरा पर्याय तयार नाही, ज्याची बाजारात येण्याची तारीख पेटंट संपण्याच्या तारखेशी बांधलेली आहे, त्या औषधाच्या दोषाकडे पाहताना तो सांभाळता येईल असा दिसू लागतो. रक्तदाब का वाढतो, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे म्हणण्याची किंमत त्या परिस्थितीत फार मोठी होती.

तीन दिवस

फायझरने टॉर्सेट्रॅपिबसाठी उभारलेला चाचणी कार्यक्रम प्रचंड होता. धमन्यांतील साका मोजणाऱ्या प्रतिमा-चाचण्या आणि त्यांच्या जोडीला १५,०६७ रुग्णांची इल्युमिनेट ही मुख्य चाचणी. २००७ मध्ये मंजुरीसाठी अर्ज करण्याची तयारी चालू होती. जुलै २००६ मध्ये जेफ्री किंडलर मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. ३० नोव्हेंबर २००६ रोजी ग्रोटन येथे गुंतवणूकदार आणि विश्लेषकांची मोठी बैठक झाली. त्या बैठकीत टॉर्सेट्रॅपिबचे वर्णन या पिढीतील सर्वांत महत्त्वाच्या औषधांपैकी एक, अशा शब्दांत केले गेले.

इल्युमिनेटची आकडेवारी कंपनीला दिसत नव्हती. ती फक्त बाहेरच्या तज्ज्ञांच्या स्वतंत्र सुरक्षा समितीकडे जात होती. चाचणी कोणत्या सांख्यिकी मर्यादेला थांबवायची, हे आधीच लिहून ठेवलेले होते. बैठकीनंतर दोन दिवसांनी समितीने कळवले की टॉर्सेट्रॅपिबच्या गटात ८२ आणि तुलना गटात ५१ मृत्यू झाले आहेत. त्याच दिवशी फायझरने सर्व चाचण्या थांबवल्या, डॉक्टरांना व रुग्णांना गोळी बंद करण्यास सांगितले आणि हा प्रकल्प संपवला. सोमवारी, ४ डिसेंबरला, कंपनीचा शेअर जवळपास ११ टक्क्यांनी घसरला आणि तिचे बाजारमूल्य सुमारे २१ अब्ज डॉलरने कमी झाले. जानेवारी २००७ मध्ये १०,००० कर्मचारी कमी करण्याचा आणि ॲन आर्बरचे संशोधन केंद्र बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. ज्या जागी लिपिटर जन्मले होते, तेच हे केंद्र.

थांबवण्याचा निर्णय एका दिवसात झाला, याचे श्रेय कंपनीला दिलेच पाहिजे. त्याहून मोठे श्रेय चाचणीच्या रचनेला आहे. आकडे विक्रीच्या माणसांपासून आणि कंपनीच्या नेतृत्वापासून दूर ठेवलेले होते, म्हणून ३० नोव्हेंबरच्या बैठकीचे वजन २ डिसेंबरच्या निर्णयावर पडले नाही.

नुकसान नेमके कशाने झाले

नोव्हेंबर २००७ मध्ये पूर्ण निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरात टॉर्सेट्रॅपिबने एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढवले होते आणि एलडीएल सुमारे २५ टक्क्यांनी उतरवले होते. कागदावर याहून चांगला अहवाल क्वचितच दिसेल. त्याच लोकांत हृदयविकाराच्या मोठ्या घटना २५ टक्क्यांनी आणि मृत्यू ५८ टक्क्यांनी अधिक होते. अंतिम मोजणीत ९३ विरुद्ध ५९. वरचा रक्तदाब सरासरी ५.४ मिलिमीटरने वाढला होता. रक्तातील पोटॅशियम उतरले होते, सोडियम आणि अल्डोस्टेरॉन हे रक्तदाब वाढवणारे संप्रेरक वाढले होते.

पुढच्या प्रयोगशाळा-अभ्यासांतून कारण उलगडले. टॉर्सेट्रॅपिब मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीच्या पेशींना अल्डोस्टेरॉन सोडायला लावत होते, आणि याचा सीईटीपी रोखण्याशी संबंध नव्हता. उंदरांत मुळात सीईटीपी नसते, तरी त्यांचाही रक्तदाब या औषधाने वाढला. म्हणजे हा दोष त्या एका रेणूचा होता.

इथे जोडऔषधाविषयी एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. दोन्ही गटांना ॲटोर्वास्टॅटिन मिळत असल्यामुळे हानी कोणाकडून झाली, हे निःसंशय ठरवता आले. प्रत्येक घटकाचा वाटा दाखवा, हा नियम इथे रुग्णांच्या कामी आला. समजा जोडगोळीची तुलना निष्क्रिय गोळीशी केली असती, तर ॲटोर्वास्टॅटिनच्या लाभाने टॉर्सेट्रॅपिबची हानी झाकली गेली असती आणि एकूण निकाल कदाचित समाधानकारकही दिसला असता. चांगल्या औषधाच्या आड वाईट औषध लपण्याचा हा धोका प्रत्येक जोडऔषधात असतो, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो.

मग उत्पन्नाच्या लक्ष्याने नेमके काय केले? त्याने औषध विषारी केले नाही, चाचणीही खोटी केली नाही. त्याने पैज अविभाज्य केली. टॉर्सेट्रॅपिब स्वतंत्रपणे, लहान पावलांनी, वेगवेगळ्या मात्रांत आणि वेगवेगळ्या स्टॅटिनबरोबर तपासले गेले असते, तर रक्तदाबाचे कारण शोधायला वेळ मिळाला असता. पोटॅशियम आणि अल्डोस्टेरॉन मोजण्यासाठी १५,००० माणसे लागत नाहीत, काही डझन रुग्ण आणि काही आठवडे पुरतात. ते मोजमाप आधी निर्णायक मानले गेले असते, तर कदाचित मोठी चाचणी सुरूच झाली नसती आणि त्या गटातील काही माणसे आज हयात असती. हे वाक्य मी विचारपूर्वक लिहीत आहे. विक्रीच्या लक्ष्याची किंमत बहुधा शेअर बाजारात मोजली जाते, पण इथे ती चाचणीच्या तक्त्यातही मोजावी लागते.

आपल्याकडे हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. भारतात स्थिर मात्रेची जोडऔषधे प्रचंड संख्येने विकली जातात, आणि त्यांतील अनेक वर्षानुवर्षे केंद्रीय मंजुरीविना, राज्यांच्या परवान्यांवर बाजारात आली. १० मार्च २०१६ रोजी केंद्र सरकारने कोकाटे समितीच्या शिफारशीवरून अशा ३४४ जोडऔषधांवर बंदी घातली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती डिसेंबर २०१६ मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये प्रकरण औषध तांत्रिक सल्लागार मंडळाकडे सोपवले, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ जोडऔषधांवर पुन्हा बंदी आली. यांतल्या बहुतेक गोळ्यांना कोणत्याही मोठ्या चाचणीचा आधार नव्हता. महिनाअखेरीच्या क्लोजिंगचा, म्हणजे महिन्याच्या विक्रीचा, आकडा गाठण्यासाठी धावणारा एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, डॉक्टरांपुढे नवे नाव, नवे संयोजन ठेवतो, कारण जुन्याच रेणूत किंचित फेरफार करून किंमत नियंत्रणाबाहेरचे नवे उत्पादन मिळते. त्या प्रतिनिधीला मी दोष देणार नाही, त्याचे लक्ष्य वरून ठरून येते. फायझरकडे निदान टॉर्सेट्रॅपिबची हानी उघड करणारी चाचणी होती. आपल्याकडील अनेक संयोजनांत काही घटक हानी करत असेल, तर ते कळण्याची व्यवस्थाच उभी राहिली नाही.

पुढे काय झाले

लिपिटरविषयीचा वाद फायझर आणि रॅनबॅक्सी यांनी जून २००८ मध्ये तडजोडीने मिटवला. त्यानुसार ३० नोव्हेंबर २०११ पासून अमेरिकेत जेनेरिक ॲटोर्वास्टॅटिन येण्याचा मार्ग मोकळा झाला. २०११ मध्ये साडेनऊ अब्ज डॉलरच्या वर असलेली लिपिटरची विक्री २०१२ मध्ये चार अब्जांच्या खाली आली. जी पोकळी भरण्यासाठी जोडगोळी आखली होती, ती तशीच राहिली. महाराष्ट्रातल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात आज ॲटोर्वास्टॅटिनची जेनेरिक पट्टी मिळते, आणि रुग्णांच्या दृष्टीने या कहाणीतला हा निखळ चांगला भाग आहे.

सीईटीपी रोखणारी इतर औषधे अल्डोस्टेरॉन वाढवत नव्हती. तरी रोशचे डाल्सेट्रॅपिब मे २०१२ मध्ये आणि एली लिलीचे इव्हासेट्रॅपिब ऑक्टोबर २०१५ मध्ये लाभ न दिसल्याने थांबवले गेले. मर्कच्या ॲनासेट्रॅपिबने २०१७ मध्ये ३०,४४९ रुग्णांच्या रिव्हील चाचणीत हृदयविकाराच्या घटना ९ टक्क्यांनी कमी केल्या, आणि तो फायदा एचडीएल वाढल्यामुळे होण्याऐवजी वाईट कोलेस्टेरॉल उतरल्यामुळे झाला असावा, असे त्याच्या प्रमाणावरून दिसले. लाभ खरा होता, पण माफक होता, आणि मर्कने मंजुरीसाठी अर्जच केला नाही. याच गटातील ओबिसेट्रॅपिब हे औषध एझेटिमाइब या कोलेस्टेरॉलवरील दुसऱ्या औषधासह एका गोळीत आणण्याचे काम न्यू ॲम्स्टरडॅम फार्मा ही कंपनी करत आहे. तिच्या टँडम चाचणीत जोडगोळी, एकटे ओबिसेट्रॅपिब, एकटे एझेटिमाइब आणि निष्क्रिय गोळी असे चारही गट ठेवले गेले, आणि ओबिसेट्रॅपिबच्या स्वतंत्र चाचण्या त्याशिवाय वेगळ्या घेतल्या गेल्या.